पिवळा दिवा लागला? आधी कोड वाचा

पहाटे भाजीपाला भरून बाजार समितीकडे निघालात आणि वाटेत डॅशबोर्डावर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, की जिवाची घालमेल होते. गाडी ओढतेय, आवाजही नेहमीचाच, मग हा दिवा कशाला? गॅरेजात गेलात की मेस्त्री म्हणतो, ‘सेन्सर गेलाय, बदलावा लागेल.’ पैसे जातात आणि आठ दिवसांत दिवा पुन्हा हजर! शेतकरी बंधूंनो, हा भुर्दंड बऱ्याचदा टाळता येतो.

गाडी आपल्या बिघाडाची नोंद स्वतःच ठेवते. स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सोळा पिनांचे सॉकेट असते. तिथे कोड रीडर लावून चावी ऑन केली की ती नोंद दिसते. मात्र आधी तुमच्या गाडीचे वय बघा. भारत स्टेज चारचा नियम पुणे, मुंबई, सोलापूर अशा शहरांत २०१० साली आला, बाकी देशभर १ एप्रिल २०१७ पासून. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या जीपगाड्यांना हा रीडर चालेलच असं नाही. घेण्याआधी आपल्याच गाडीला लावून बघा, हे उत्तम. ट्रॅक्टरसाठी तर मोटारीचा रीडर घेऊच नका, कंपनीच्या माणसाला विचारा.

रीडर दोन तऱ्हेचे. एक छोटी डबी, ब्लूटूथने मोबाईलला जोडायची. काही शे रुपयांत मिळते. ‘ईएलएम ३२७’ नावाच्या या डब्यांत नकला फार. आयफोन असेल तर साधी ब्लूटूथ डबी बहुधा जोडली जात नाही, वायफायची किंवा आयफोनला चालणारी बघून घ्या. दुसरा हातात धरायचा, पडदा असलेला. महाग पडतो, पण मोबाईलची कटकट नाही. गावात चौघांत मिळून एक घ्यायचा असेल तर आमचं मत या दुसऱ्याला. स्वस्तातला रीडर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतो, एबीएस आणि एअरबॅगचे नाही. तेही हवे असतील तर दुकानदाराकडून तसं वदवून घ्या.

आता महत्त्वाचं. कोड म्हणजे निदान नव्हे. पी ०१७१ आला तर मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी एवढंच कळतं. कारण फाटका रबरी होज असू शकतो, तुंबलेला फिल्टर किंवा अशक्त पंपही. कोड बघून थेट सेन्सर बदलणारा मेस्त्री तुमच्या पैशावर प्रयोग करतोय. पी ०३०१ म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरात मिसफायर. तिथला कॉईल दोन नंबरला लावून बघा. कोड पी ०३०२ झाला तर दोष कॉईलचाच. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी रेटू नका, सायलेन्सरमधला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.

जुनी गाडी घेताना रीडर खिशात असूच द्या. विकणारा आदल्या दिवशी कोड पुसून ठेवतो, दिवा विझलेला असतो. पण पुसल्यावर गाडीच्या आतल्या तपासण्याही कोऱ्या होतात. रीडरमध्ये ‘रेडिनेस’ उघडा. बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसल्या तर कोड नुकताच पुसलाय किंवा बॅटरी काढली होती, असं समजा आणि चार दिवस चालवल्यावर पुन्हा बघू म्हणा. त्याला कबूल नसेल तर इसार देऊ नका.

आणि हो, काम झालं की डबी सॉकेटमधून काढून ठेवा. गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरते.