खडस, बाडस, सहर: महसीरची गावोगावची नावं

मासा कोणता?

नद्यांवर गळ टाकून बसणाऱ्या हौशी मासेमारांना भारतातला सर्वांत दमदार मासा कोणता असं विचारलं, तर बहुतेक जण महसीरचंच नाव घेतील. रोहू-कटल्याच्या कुळातला असला तरी तो रमतो खळाळत्या, खडकाळ पाण्यात. गळ लागताच प्रवाहात अशी मुसंडी मारतो की दोर सरसर सुटत जातो. ओठांशी मिशांच्या दोन जोड्या असतात आणि खवले एवढे मोठे, की कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एका ओळीत जेमतेम पंचवीसेक मावतात. १९४६ मध्ये कावेरीच्या खोऱ्यात म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर गळाने काढला होता.

मात्र महसीर ही एक जात नव्हे. ‘तोर’ या प्रजातीतल्या अनेक जातींना मिळून हे नाव दिलं जातं. पुढचे सगळे घोटाळे इथूनच सुरू होतात.

नदी बदलली की नाव बदलतं

महाराष्ट्रात तो खडस किंवा खडशी. नर्मदेकाठी बाडस, नेपाळात सहर, बंगालीत महाशोल, आसामात पिठिया, मलयाळममध्ये कुयिल. मलेशियात केलाह म्हणतात, तर सारावाकमध्ये एम्पुराउ.

जावा बेटावर त्याला ‘इकान देवा’, म्हणजे देवाचा मासा म्हणतात. आपल्याकडेही भावना हीच आहे. महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडीतले महसीर वरदायिनी देवीचे मानले जातात. काठावरून चुरमुरे टाकले की काळसर पाठी पाण्यावर येतात, पण तिथे कोणी गळ टाकत नाही. या श्रद्धेने मासा जेवढा राखला तेवढा एखाद्या नियमाने राखला गेला असता, असं मला वाटत नाही.

शास्त्रीय नावांतली मराठी

फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर ग्रंथ लिहिला आणि तोर, पुतितोरा ही स्थानिक नावं शास्त्रात नेली. पुढे मुंबई इलाख्यातला लष्करी अधिकारी कर्नल सायक्सने दख्खनच्या माशांच्या बाबतीत तेच केलं. त्याने १८३९ मध्ये वर्णन केलेला आपला महसीर आज ‘तोर खुद्री’ म्हणून ओळखला जातो. हा मासा मुळा-मुठेच्या खोऱ्यातला. सायक्सच्या यादीत मळ्या आहे, शिंगाळाही आहे. इथल्या मासेमारांनी सांगितलेली नावं लॅटिनचा पेहराव करून आजही जगभरच्या संग्रहालयांत वावरताहेत. याचा अभिमान आपण पुरेसा बाळगत नाही.

‘मुसुल्ला’चा घोळ

सायक्सने दख्खनमधल्याच आणखी एका माशाला ‘मुसुल्ला’ असं नाव दिलं होतं. पुढे हे नाव कावेरीतल्या कुबडाच्या, केशरी पंखांच्या महाकाय महसीरला चिकटलं. प्रत्यक्षात सायक्सचा मुसुल्ला हा महसीर नव्हेच, तो ‘हिप्सेलोबार्बस’ या वेगळ्या प्रजातीतला. त्यामुळे गळवाल्यांना दीडशे वर्षं ठाऊक असलेला कावेरीचा मासा शास्त्रापुरता बिननावाचाच राहिला. अखेर २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, की केरळातल्या पांबार नदीतून आधीच वर्णन झालेला ‘तोर रेमादेवी’ तो हाच. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला.

तोवर नुकसान होऊन गेलं होतं. लोणावळ्याजवळ वळवणच्या टाटांच्या केंद्रात सत्तरच्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार होतात. हे काम मोलाचं आहे. पण दख्खनच्या निळसर पंखांच्या महसीरचं बीज कावेरीतही सोडलं गेलं. नव्याची संख्या वाढली आणि कावेरीचा मूळचा मासा दिसेनासा होत गेला. वाळूउपसा, धरणं आणि सुरुंगाने होणारी मासेमारी यांचाही त्यात वाटा आहे. तरी दोन्ही माशांना सरसकट ‘महसीर’ न म्हणता वेगळं ओळखलं असतं, तर ते बीज कावेरीत सोडण्याआधी कुणीतरी नक्कीच थांबलं असतं.

नोंद कशी करावी?

महसीर गळाला लागलाच तर ओल्या हातांनी धरावा, पाण्यातच ठेवून डोकं, ओठ आणि पंखांचा रंग दिसेल असा फोटो काढावा आणि सोडून द्यावा. नदीचं नाव लिहावं. काठावरचे भोई, कोळी, कातकरी त्याला काय म्हणतात तेही जसं ऐकलं तसं लिहावं, ‘महसीर’ असं दुरुस्त करू नये. एकाच गावात लहानाला आणि मोठ्याला वेगळी नावं असतील, तर दोन्ही टिपावीत.