येळाकेळी ते राजपुरी

“आपला समुद्र म्हणजे बोर धरण,” अम्मी म्हणायच्या. सत्तरी गाठली तरी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, आणि गुडघे किती दिवस साथ देतील याचा भरवसा नव्हता. म्हणून डिसेंबरात निघालोच.

फजरची नमाज पढून येळाकेळीला समृद्धी महामार्ग धरला. नागपूर ते मुंबईजवळचं आमणे, हा 701 किलोमीटरचा रस्ता 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झाला. तरी मुरूड गाठायला रात्र झाली. टोल-डिझेलातच निम्मे पैसे गेले, हॉटेल परवडेना. एका घरमालकाला विचारून त्यांच्या नारळाच्या वाडीत तंबू ठोकला. डाळ-तांदूळ, स्टोव्ह घरूनच नेले होते, खिचडी झाली. पहाटे अंथरूण दमट झालं. एक चादर जास्तच न्या.

सकाळी राजपुरीहून होडीने जंजिरा. अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट, त्यावरून हे नाव. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांनाही जिंकता आला नाही. भोवती खारं पाणी, आत गोड्या पाण्याचा तलाव! दरवाजाशी हलत्या होडीतून पायरीवर उतरावं लागतं, म्हणून अम्मी धक्क्यावरच बसल्या. मला वाईट वाटलं.

परतलो तर त्यांनी एका पोराकडून बाटली भरून घेतली होती. शेजारणीला खारं पाणी चाखवायचं होतं.