नवा पीसी, जुनी विंडोज!

नव्या मशिनचं कोटेशन हातात आलंय? मग जुनं कॅबिनेट भंगारात देण्याआधी जरा थांबा...

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि कितीतरी घरांतला चांगला चालता पीसी एका दिवसात म्हातारा ठरला. विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० नावाची सिक्युरिटीची सोय लागते, ती जुन्या बोर्डावर नाही. मग काय, नवा असेंबल करूया! कॅनडा कॉर्नरला दोन-तीन दुकानांत भाव काढायचा, नाहीतर पंचवटी एक्स्प्रेस पकडून थेट मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठायचा. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस... सगळ्याची बेरीज कागदावर होते. फक्त शेवटची ओळ दुकानदार तोंडीच सांगतो, "विंडोज टाकून देतो ना साहेब, त्याचं काय एवढं!"

त्याचं बरंच काही आहे. जुन्या पीसीवरच्या ओरिजिनल विंडोजचे पैसे तुम्ही एकदा मोजलेत. ते पुन्हा मोजायचे की नाही, हे एकाच गोष्टीवर ठरतं: तुमचं लायसन्स ओईएम आहे की रिटेल?

नाशिककरांना हे चटकन कळेल. ओईएम लायसन्स म्हणजे नाशिकरोडच्या प्रेसचं क्वार्टर. नोकरी आहे तोवर घर आपलं, नोकरी संपली की किल्ली परत! इथे नोकरीच्या जागी मदरबोर्ड आहे. ब्रँडेड लॅपटॉप-डेस्कटॉपसोबत येते ती विंडोज याच जातीची. असेंबल्ड मशिनवर स्वस्तात मिळालेला ओईएम पॅकही तसाच. विंडोज एटपासून, म्हणजे २०१२पासून, ब्रँडेड मशिनची की बोर्डावरच्या चिपमध्येच असते. त्यामुळे कॅबिनेटवरचा स्टिकर ब्लेडने अलगद सोलून नव्यावर चिकटवण्याची कला इथे उपयोगाची नाही. बोर्ड बिघडला म्हणून बदलला तर लायसन्स टिकतं. हौसेने अपग्रेड केला तर मात्र ते जुन्या बोर्डासोबतच राहतं.

रिटेल म्हणजे आपलं स्वतःचं कपाट. घर बदललं, टेम्पोत टाकलं आणि नेलं. अट एवढीच, की कपाट एका वेळी एकाच घरात असणार. नव्या मशिनवर विंडोज चढवायची, तर जुन्यावरून उतरवायची.

ही मुभासुद्धा एकदा जाता जाता राहिली आहे. ऑक्टोबर २००६मध्ये व्हिस्टा बाजारात यायच्या आधी मायक्रोसॉफ्टने तिच्या अटी जाहीर केल्या. त्यात रिटेल लायसन्स दुसऱ्या मशिनवर फक्त एकदाच नेता येईल, असं म्हटलं होतं. स्वतःच्या हाताने मशिन जोडणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींनी एकच गिल्ला केला. दरवर्षी बोर्ड बदलणाऱ्याने दरवर्षी विंडोज विकत घ्यायची काय? नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच कंपनीने ती अट मागे घेतली. ग्राहकांनी ओरडा करून लायसन्सची ओळ बदलून घेतली, असं रोज घडत नाही बरं!

आता आपल्या मशिनचं बघू. काम जुना पीसी चालू असतानाच करायचं, स्क्रू काढल्यावर नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करा: एसएलएमजीआर, एक स्पेस, स्लॅश, डीएलआय. छोटी खिडकी उघडेल, तिच्यात रिटेल, ओईएम की व्हॉल्यूम ते लिहिलेलं असेल. एक गोम आहे. विंडोज सेव्हनवरून फुकटात टेनवर आलेलं मशिनही इथे 'रिटेल' दाखवतं. पण मूळ सेव्हन ओईएम असेल, तर वरची टेनही ओईएमच समजायची. आणि ड्रॉवरमध्ये जपून ठेवलेली सेव्हनची की? ती टाकून नवी विंडोज चालू करायची पळवाट सप्टेंबर २०२३मध्ये बंद झाली.

लायसन्स खरंच रिटेल असेल तर जुन्या पीसीवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन करा. सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर लायसन्स त्या अकाउंटला जोडलं गेल्याची ओळ दिसली पाहिजे. पीसीचं नाव आणि विंडोज होम आहे की प्रो, हे लिहून ठेवा. होमचं लायसन्स होमवरच चालतं. डब्यावरची २५ अक्षरी की हाताशी असेल तर उत्तमच. मग तीच कमांड द्या, पण डीएलआयच्या जागी यूपीके. जुन्या मशिनवरची की निघते. नव्यावर तीच एडिशन इन्स्टॉल करून की टाका. की नसेल तर ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटर उघडा, 'नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडा आणि यादीतून जुन्या पीसीचं नाव उचला. बहुतेक वेळा चहा थंड व्हायच्या आत काम होतं.

घरच्या पीसीवर 'व्हॉल्यूम' दिसलं तर मात्र कपाळाला हात लावा! व्हॉल्यूम लायसन्स कंपन्या-कॉलेजांसाठी असतं. म्हणजे एकतर ती ऑफिसची विंडोज आहे, किंवा मागच्या खेपेला कुणीतरी ॲक्टिव्हेटर चालवून ती 'टाकून दिलेली' आहे. ती नेण्याचा प्रश्नच नाही, कारण ती तुमची कधी नव्हतीच. हा ॲक्टिव्हेटर चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. घराचं दार उघडं टाकून चोराला कुलूप दुरुस्त करायला बोलावण्यातला प्रकार. त्याच पीसीवर नेटबँकिंग करायचं असतं ना आपल्याला? ऑनलाइन पाचशे रुपयांत मिळणाऱ्या कीजचंही तसंच. आज चालते, उद्या ब्लॉक झाली तर विकणारा सापडत नाही.

घरून फ्रीलान्स डिझाइन करणारे किंवा सातपूर-अंबडला छोटं युनिट चालवणारे यांनी हे जास्तच मनावर घ्यावं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी नुसार चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून धंद्यासाठी वापरलं, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. एवढ्या पैशात दोन-तीन मशिन येतील.

तेव्हा लायसन्स ओईएम निघालं तर नव्या विंडोजची रक्कम कोटेशनमध्ये आधीच धरा, आणि घेताना रिटेलच मागा, बिलासकट. महाग पडते खरी, पण पुढच्या बोर्डावर तीच चालेल. आणि रिटेल उचलून नेल्यावर मागे राहिलेला पीसी भाच्याला द्यायचा असेल, तर त्यावर उबुंटू किंवा मिंट टाकून द्या. लिनक्सला ना की लागते, ना ॲक्टिव्हेशन. भाचा दोन दिवस कुरकुरेल, मग यूट्यूब चालतंय म्हटल्यावर विसरून जाईल.