तीच गोष्ट, दुसऱ्यांदा

सिनेमा चालला की दुसरा भाग येतो, आणि कोल्हापुरात रंकाळ्यावर भेळ खाता खाता वाद रंगतो: काढायचा कशाला? गंमत म्हणजे याच कोल्हापुरानं या प्रश्नाला नव्वद वर्षांपूर्वी हात घातला होता, तोही दुसरा भाग न काढता. इथं सबंध सिनेमाच पुन्हा काढला!

बाबुराव पेंटरांनी 1920 साली 'सैरंध्री' काढला, तो स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर. मग 1923 ला 'सिंहगड', 1925 ला 'सावकारी पाश'. तिन्ही मूक. आता पुढचं बघा. 1933 या एकाच वर्षात प्रभात फिल्म कंपनीनं 'सिंहगड' आणि 'सैरंध्री' दोन्ही नव्यानं पडद्यावर आणले. 1936 ला खुद्द बाबुरावांनीच 'सावकारी पाश' पुन्हा केला.

प्रभातचे दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम हे सगळे बाबुरावांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. पहिल्या 'सिंहगड'मध्ये शांताराम शेलारमामा होते, दुसऱ्याचे ते दिग्दर्शक! गुरूचीच गोष्ट पुन्हा सांगायचं धाडस कुठून आलं?

आवाजातून. मूकपटाचा कॅमेरा हातानं फिरवायचा. वेग थोडा पुढंमागं झाला तरी चाले. पण आवाज तसलं काही खपवून घेत नाही. तो तेव्हा फिल्मच्या कडेला काळ्या-पांढऱ्या बारीक पट्टीच्या रूपात छापलेला असे. दिव्याचा उजेड त्या पट्टीतून जातो, कमी-जास्त होतो, त्या चढउताराची वीज होते आणि विजेचा पुन्हा आवाज. म्हणजे तानाजीची गर्जना आधी चक्क सावली होऊन बसलेली असते! वेग जरा हलला की सूर बिघडला. म्हणून सेकंदाला 24 चौकटी ठरल्या, त्या आजतागायत. पार्श्वगायन तेव्हा रुळलेलं नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोरच गायचा, आणि साजिंदे चौकटीबाहेर, पण मायक्रोफोनच्या टप्प्यात बसायचे. गोष्ट तीच, पण ती सांगण्याची रीत मुळापासून बदलली.

दुसऱ्या 'सैरंध्री'त तर रंगाचा डाव होता. फिल्म छपाईला थेट जर्मनीला गेली. रंग मनासारखे उतरले नाहीत, प्रयोग फसला. मला तरीही तो मोठा वाटतो. भारतात रंगीत चित्रपटाची वाट नीट दिसतही नव्हती, तेव्हा ही माणसं तिकडं निघाली होती.

'झपाटलेला'नंतर वीस वर्षांनी, 2013 मध्ये, त्यातला तात्या विंचू परत आला तो त्रिमितीत. जात तीच: नव्या तंत्रासाठी जुनी गोष्ट. पहिल्या सिनेमाच्या पुण्याईवर तिकिटं खपवायला काढलेला दुसरा भाग मात्र न काढलेलाच बरा.

हरिश्चंद्राची गोष्टही अशीच: फाळक्यांनी ती 1913 ला मूक सांगितली होती. प्रभातनं कोल्हापुरातच 1932 ला तिला वाचा दिली, 'अयोध्येचा राजा'मध्ये. तो आजही पाहायला मिळतो. एकदा जरूर पाहा, आणि दुर्गाबाई खोट्यांचं गाणं कान देऊन ऐका.