बुबुळाचा बाक

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी हातात पडणाऱ्या कागदावर के-वन ४३.२५, के-टू ४४.०० असे काहीतरी दोन आकडे असतात. नातेवाईक भिंगाची किंमत विचारतात, सुट्टी कधी मिळेल ते विचारतात. या आकड्यांबद्दल सहसा कोणी विचारत नाही. डोळ्यात बसणारं भिंग मात्र बरंचसं त्यांच्यावरच ठरतं.

हे आकडे म्हणजे पारपटलाचा, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा बाक. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा हा पडदा डोळ्याच्या साठेक डायॉप्टर ताकदीतला दोन-तृतीयांश भार एकटा उचलतो. तो आरशासारखा चकाकतो. त्यात उमटलेलं प्रतिबिंब जितकं लहान, तितका बाक जास्त. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० च्या दशकात याच तत्त्वावर बाक मोजणारं यंत्र बनवलं. ३३७.५ ला मिलिमीटरमधल्या त्रिज्येने भागलं की डायॉप्टर मिळतात: त्रिज्या ७.५, तर उत्तर ४५. दोन आकड्यांतला फरक मोठा असेल, तर चष्म्यात सिलिंडरचा नंबर येण्याची शक्यता वाढते.

मोजमाप एका डायॉप्टरने चुकलं, तर भिंगाचा नंबरही जवळपास तेवढाच चुकतो. मायनस नंबरासाठी लेसिक झालेल्या डोळ्यात ही चूक हमखास दबा धरून असते. पारपटल सपाट झालेलं असतं आणि साधं यंत्र त्याची ताकद खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. परिणामी कमी ताकदीचं भिंग बसतं आणि रुग्णाच्या वाट्याला प्लसचा चष्मा येतो. म्हणून लेसिकआधीचे कागद जपून ठेवावेत आणि डॉक्टरांना आपणहून दाखवावेत.

बाक मोजणारं साधं यंत्र, म्हणजे केरॅटोमीटर, मधल्या सुमारे तीन मिलिमीटरचाच अंदाज देतं. पारपटल पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याचा आजार, केरॅटोकोनस, बहुधा मध्याच्या जरा खाली सुरू होतो. तिथे हे यंत्र पोचत नाही. पोर्तुगालच्या प्लासिदो यांनी १८८० च्या सुमारास काळी-पांढरी वर्तुळं काढलेली तबकडी डोळ्यापुढे धरली. प्रतिबिंबातली वर्तुळं वेडीवाकडी दिसली की पृष्ठभाग बिघडलेला! आजची टोपोग्राफी हे त्याच तबकडीचं संगणकीय रूप. तिच्या रंगीत नकाशात जास्त बाक लाल आणि सपाट भाग निळा दिसतो.

नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तिशीपुढच्या लोकांची पाहणी झाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त बाक ही खूण धरून केरॅटोकोनसचं प्रमाण २.३ टक्के आढळलं. नुसत्या बाकावर निदान केल्यामुळे हा आकडा जपूनच वाचायला हवा. पण तो दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही.

हा आजार बहुधा कुमारवयात डोकं वर काढतो. ॲलर्जीने खाजणारे डोळे चोळत राहिलं की तो बळावतो. मुलाचा सिलिंडर नंबर दरवर्षी वाढतो, दुकानात नवी काच बसते आणि मोलाची वर्षं हातची जातात. अशा मुलाची टोपोग्राफी व्हायलाच हवी. आजार वाढत असल्याचं दिसलं, तर जर्मनीत ड्रेस्डेनला विकसित झालेलं क्रॉस-लिंकिंग उपलब्ध आहे. त्यात पारपटलावर रायबोफ्लेविनचे थेंब टाकून अतिनील किरण सोडतात. त्याने पडदा घट्ट होतो आणि बहुतेकांचा आजार आहे तिथेच थांबतो. गेलेला आकार मात्र पूर्ण परत येत नाही.