स्कॅनिंग सूक्ष्मदर्शक : कोणता काय दाखवतो?



सोयगाव भागात कपाशीची पाने लाल पडू लागली की ‘पान मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे का?’ असा प्रश्न मनात येतो. म्हणून या यंत्रांची थोडक्यात ओळख करून घेऊ.

स्कॅनिंग सूक्ष्मदर्शक नांगराच्या तासाप्रमाणे नमुन्यावर ओळीओळीने फिरतो व बिंदूबिंदूंतून चित्र जुळवतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग आणि नॅनोमीटर हा मायक्रॉनचा हजारावा भाग होय.

1) लेसर स्कॅनिंग : प्रकाशावर चालतो. जिवंत पेशींचे थरावर थर दाखवतो. साधारण 0.2 मायक्रॉनपेक्षा बारीक तपशील सहसा दिसत नाही.

2) इलेक्ट्रॉन स्कॅनिंग : काही नॅनोमीटरपर्यंतचा पृष्ठभाग दिसतो. मात्र नमुना सहसा वाळवून, त्यावर सोन्यासारख्या धातूचा पातळ थर देऊन निर्वात पोकळीत ठेवावा लागतो. चित्र कृष्णधवल येते.

3) टनेलिंग : 1981 मध्ये बिनिग व रोहरर यांनी तयार केला, 1986 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. अणूसुद्धा दिसतात, परंतु नमुना वीजवाहक हवा. कापूस वीजवाहक नसल्याने येथे तो उपयोगी नाही.

4) अणुबल : हा 1986 चा. आंधळ्याने बोटाने चाचपावे तशी बारीक सुई पृष्ठभागाची उंची मोजते. वीजवाहकतेची अट नाही. पण एका वेळी अगदी लहान भागच तपासता येतो.

कापसाचा धागा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पिळलेल्या फितीसारखा दिसतो. बोंड उमलल्यावर धागा वाळून चपटा होतो व त्याला पीळ पडतो. अपक्व धाग्याची भिंत पातळ असते; तो नीट रंगत नाही व त्याच्या गाठी होतात. म्हणून पूर्ण उमललेली बोंडेच वेचावीत. अशा गुणधर्मांचा अभ्यास मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत होतो. ही संस्था 1924 पासून कार्यरत आहे.

आता लाल पानाचे काय? मॅग्नेशियम किंवा नत्राची कमतरता पृष्ठभागाच्या चित्रात ओळखता येत नाही. त्यासाठी माती व पान परीक्षण करावे. तुडतुड्यांमुळेही पानांच्या कडा लाल होऊन मुरडतात. त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरेसे आहे. पान उलटून पाहावे. सरासरी 2 ते 3 तुडतुडे प्रति पान आढळले तरच फवारणीचा विचार करावा.

कारण न शोधता केलेली फवारणी म्हणजे पैशाचा अपव्यय होय. तेव्हा आधी भिंग, मग माती परीक्षण, असा क्रम ठेवावा.