गोड्या पाण्यातला चुना

गोवंडी स्टेशनाबाहेर कोळणी वाटे लावून ज्या तिसऱ्या विकतात, त्या खाडीच्या. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असल्यामुळे त्यांच्या जातीला चुन्याची ददात ठाऊक नाही. जगातल्या नद्यांची सरासरी मात्र १५ मिलिग्रॅमच्या आसपास. तरीही बेसाल्ट झिजून पाण्यात उतरणाऱ्या अल्पशा चुन्यावर आपल्या नद्यांतला व तळ्यांतला लॅमेलिडेन्स हा शिंपला जवळजवळ तळहाताएवढे कवच उभारतो, याचे मला नेहमीच अधिक कौतुक वाटत आले आहे.

त्याचे रिकामे शकल उन्हाकडे धरून पाहावे : बाहेर तपकिरी साल, बिजागरीजवळ ती बहुधा झिजून खालचा पांढरा चुना उघडा पडलेला, आणि आतल्या अंगाला गुलाबी-निळी झाक. ही झाक रंगद्रव्याची नव्हे. अ‍ॅरागोनाइट या खनिजाच्या जेमतेम अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या पत्र्या एकीवर एक रचलेल्या असून त्यांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तोलाची असल्याने ती उमटते. कॅल्शियम कार्बोनेटचे अधिक स्थिर रूप कॅल्साइट हे होय. परंतु शिंपल्याचे प्रावरण ज्या चिंचोळ्या द्रवात कॅल्शियम व बायकार्बोनेट सोडते, तेथे कायटिन व प्रथिने यांचे सूक्ष्म पडदे स्फटिकाचा प्रकार आणि दिशा ठरवून देतात. वजनाने हा सेंद्रिय अंश शेकडा पाचच्या आतबाहेर, पण त्याच्यामुळेच मोतिया थर नुसत्या खनिजाहून कितीतरी चिवट होतो. आणि हा अंमल जेथे ढिला पडतो, तेथे व्हॅटेराइट हे तिसरेच रूप साचून गोड्या पाण्यातला मोती निस्तेज निपजतो.

परंतु या कवचाला निव्वळ तटबंदी समजणे अपुरे आहे. तो खजिनाही आहे. उन्हाळ्यात तळे आटून शिंपला चिखलात झडपा मिटून बसला, की प्राणवायूविना चालणाऱ्या श्वसनाने त्याच्या देहात आम्ले साचतात, आणि ती शमविण्यासाठी कवचाच्या आतल्या पृष्ठावरचाच चुना विरघळवून रक्तात घेतला जातो. पाणी परतल्यावर त्या खरवडलेल्या जागेवर नवा थर चढतो. कल्ल्यांतही कॅल्शियम फॉस्फेटच्या कणांची शिल्लक असते, व मादी त्याच कल्ल्यांत पिल्ले वाढवीत असल्याने त्यांच्या पहिल्या कवचासाठी हीच तगाई उपयोगी पडते. त्या इवल्या झडपांनी पिल्लू माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिमटून काही काळ परोपजीवी राहते. तळ्यात योग्य जातीचा मासा नसेल, तर तगाई बुडीत खाती जमा होते.